परसाप्पांची दोन मिनिटं

आमच्या मंडळाचं एकही नाटक परसाप्पांनी समोरून पाहिलं नाही. पाहिली ती विंगेतून, नटांचे कान आणि मानेवरचा घाम बघत. कंग्राळीची शेती आवरून ते सायकलवरून बेळगावात येत आणि प्रॉम्प्टिंग करत. चाळीस वर्षं. बोट संहितेतल्या ओळीवर, डोळे मात्र नटावर.

डोळे कशाला, असं मी नवा असताना विचारलं होतं. "अरं, नट गप झाला की बघाय लागतंय, इसरलाय का थांबलाय. इसरल्याला शब्द द्यायचा. थांबल्याला दिलास तर गळा दाबल्यागत हुतंय."

एकदा एक बँकेतले साहेब प्रयोगानंतर त्यांच्यावर खेकसले, "आप्पा, मी विसरलो होतो! शब्द का नाही दिलात?"

"व्हय का? पयल्यांदाच बरं काम करालतासा, म्हटलं मोडू नये."

माझ्या पहिल्या नाटकात त्यांचा शब्द इतका हळू आला, की तो मलाच आठवला असं मला वाटलं. पुढे लोक मला बरा नट म्हणू लागले. मीही म्हणू लागलो.

गेल्या वर्षी जागतिक रंगभूमी दिनाला मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. आठ दिवस आधी आप्पांनी मला खडेबाजारात गाठलं. "शाल न्हाई दिलीसा तरी चालंल. दोन मिनिटं बोलाय द्या. चाळीस वरसं दुसऱ्याचं बोललो रं. एकदा माझं बोलतो."

मी शब्द दिला.

त्या दिवशी नटराजाची पूजा झाली. पंख्याने समई तीनदा विझवली. जगभर वाचला जाणारा संदेश वाचला गेला. वाचणाऱ्याची आणि त्याची तिथेच पहिली भेट होत होती. आयुष्य हे एक नाटक आहे, असं प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं. अध्यक्षांनी त्याला पाऊण तास दुजोरा दिला. मग पाहुण्यांना निघायची घाई झाली.

आप्पांच्या खांद्यावर शाल पडली. इस्त्रीच्या सदऱ्यात ते माइकपाशी आले. "मंडळी, मी जलमभर..." म्हणाले आणि थांबले. भरलेल्या सभागृहाकडे बघत राहिले. अध्यक्षांनी मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. मी पुढे झालो, माइक हातात घेतला आणि म्हणालो, "आप्पांना गहिवरून आलंय, शब्द फुटत नाहीत." टाळ्या झाल्या. लगेच आभारप्रदर्शन सुरू झालं.

चहाच्या टेबलापाशी ते माझ्याजवळ आले. आवाज विंगेतला, फक्त मला ऐकू येईल एवढा.

"इसरलो न्हवतो रं. थांबलोतो."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "आप्पा, पुढचं वाक्य काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "आता कशाला? पडदा पाडलास न्हवं." शाल घडी करून त्यांनी सायकलच्या कॅरियरला लावली आणि गेले.

श्रावणात आप्पा वारले. यंदाच्या रंगभूमी दिनाला त्यांच्या फोटोला हार घातला आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं. सगळे उभे राहिले. पाहुण्यांना यंदाही घाई होती. मिनिटभरातच अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं.

माइक माझ्याकडेच होता. मी म्हणालो, "धन्यवाद, बसून घ्या."