तीन जलपऱ्या आणि अक्का: मुक्ताईनगर ते धुळे

खानदेशापासून समुद्र इतका लांब आहे, की इथे लाट म्हटलं की ती उष्णतेचीच. अशा मुलखात राहून मी प्रवासाचा ब्लॉग लिहिते आणि वाचक दर आठवड्याला विचारतात, कोकणात कधी जाणार? जानेवारीत आमच्या जळगावात एका रिक्षाच्या पाठीवर फलक दिसला: ‘धुळ्यात जिवंत जलपरी, थेट खोल समुद्रातून’. समुद्र स्वतःहून धुळ्यापर्यंत आलाय, तर आपण कोकणाला कशाला त्रास द्यायचा? दोन दिवस रजा टाकली आणि गाडीत पेट्रोल भरलं.

धुळे पश्चिमेला, म्हणून मी आधी पूर्वेला निघाले. कारण अक्का. अक्का म्हणजे माझी आत्या, वय चौसष्ट, मुक्ताईनगरजवळच्या खेड्यात केळीची शेती. फोनवर तिने सांगितलं, की धुळ्याला तीही येणार, पण आधी तिच्या गावच्या पाण्यातल्या बाया बघायच्या. अक्काशी वाद घालायची आमच्या घराण्यात प्रथा नाही.

पहिली जलपरी नशिराबादच्या पुढे, अगदीच अनपेक्षित भेटली. चहासाठी थांबले त्या गार्डन हॉटेलच्या कारंज्यात ती बसली होती: सिमेंटची, गुलाबी, डोळे दोन दिशांना. हातातल्या शंखातून पाणी पडायची सोय होती, पण पाणी नव्हतं. तिच्या शेपटीवर कोणीतरी रुमाल वाळत घातला होता. कारंजं कधी सुरू असतं, असं वेटरला विचारलं, तर म्हणाला, उद्घाटनाला होतं. फोटोसाठी थांबायला हरकत नाही. चहा मात्र फोटोपेक्षा बरा आहे.

अक्काच्या घरी भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वर कांद्याची पात. (जानेवारीतच या. उन्हाळ्यात येऊन भरीत मागाल तर लोक प्रेमाने वाढतील, पण मनातून हसतील.) ऊन उतरल्यावर केळीच्या बागांमधून आम्ही तापीच्या डोहावर गेलो. काठावर जांभळाखाली शेंदूर लावलेले सात दगड, त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या आणि नारळ. या साती आसरा, पाण्यातल्या देवी. अक्काच्या म्हणण्याप्रमाणे त्या याच डोहात राहतात. त्यांना शेपूट नाही, तिकीट नाही, खेळाच्या वेळा नाहीत. फक्त कोणी हसलेलं त्यांना चालत नाही. मी हसू दाबलं. मग अक्काने डोहाकडे बोट करून सांगितलं, की लग्नाआधी ती हा डोह साडीसकट पोहून पार करायची आणि पलीकडून काकड्या आणायची. यावर मात्र मी हसले. अक्काने आसरांना माझ्या वतीने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. मुक्ताईनगर ते धुळे सरळ गेलं तर साडेतीन तास. आम्हाला पाच लागले, कारण अक्काला पारोळ्याच्या अलीकडे झणझणीत शेवभाजी खायची होती आणि त्यानंतर मला दर वीस मिनिटांनी पाणी प्यायला थांबायचं होतं.

धुळ्याच्या मैदानावर पाळणे, भेळ आणि मधोमध तो खोल समुद्र: माणसाच्या दीडपट उंचीची काचेची टाकी. आत प्लॅस्टिकची पोवळी, निळा दिवा आणि तळाशी एक खजिन्याची पेटी, तिच्यावर मासेमारीचं जाळं. तिकीट भरिताच्या ताटापेक्षा स्वस्त, म्हणून तक्रार नाही. जलपरी वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. चमकत्या हिरव्या शेपटीत छान सुळकन फिरायची, काचेजवळ येऊन हसायची, वर जाऊन श्वास घ्यायची, पुन्हा खाली. मी मोबाइलवर चित्रण सुरू केलं आणि वाचकांसाठी सोबत चुरचुरीत बोलत राहिले.

तिसऱ्यांदा ती खाली गेली ती पेटीपाशीच थांबली. मग काचेवर तळहात आपटायला लागली. गर्दीने टाळ्या वाजवल्या. मुलांनी उलट हात हलवले. मीही म्हणाले, बघा, अभिनयही येतो हिला.

अक्काने माझा दंड धरला. “ती हात नई हलवू राह्यली, वंदे. ती बलावू राह्यली.”

मी म्हटलं, अक्का, हा खेळाचा भाग असेल. अक्काने चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि टाकीमागच्या लोखंडी शिडीकडे गेली. तिकीटवाला बाहेर दाराशी होता. वर कोणीच नव्हतं. मी अजून चित्रण करत होते. मग पाण्यात एक जांभळं पातळ फुगलं आणि गर्दीला वाटलं, दुसरी जलपरी आली. शिट्ट्या पडल्या.

तेव्हा कुठे मी ओरडले आणि पळाले.

शेपटीचा पंख जाळ्यात गुंतला होता. अक्काने जाळं ओढून पाहिलं, ते सुटेना. मग तिने मुलीच्या पाठीमागे चाचपून शेपटीची चेन शोधली आणि खालपर्यंत उघडली. मुलगी शेपटीतून निसटून वर आली. तोवर तिकीटवालाही शिडीवर पोचला होता. त्याने आणि मी मिळून दोघींना बाहेर ओढलं. मुलगी बराच वेळ खोकत राहिली. अक्का तिची पाठ चोळत होती.

श्वास जाग्यावर आल्यावर मुलीने पहिला प्रश्न विचारला, “अक्का, शेपटी फाटी गई का?”

“फाटू दे,” अक्का म्हणाली. “तुले पाय आहेत ना.”

मुलगी खोल समुद्रातली नव्हती. शिरपूरकडच्या तापीकाठच्या गावातली होती, नदीतच पोहायला शिकलेली. म्हणजे पाणी दोघींचं एकच. तिकीटवाला घाबरून पांढरा पडला होता. त्याने दिवा बंद केला आणि ते जाळं कापून बाहेर काढलं. खेळ त्या दिवशी पुन्हा झाला नाही. अक्काने तिथल्याच एका दुकानातून कोरडी साडी घेतली आणि मुलीला बळेच गरम दूध पाजलं. निघताना मुलगी पाया पडायला वाकली, तर अक्काने तिला अर्ध्यातच उठवलं आणि विचारलं, घरी आईला कळवलंस का? तिने मान हलवली, नाही. अक्काने माझा मोबाइल तिच्या हातात दिला.

परतीच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रस्ता चांगला आहे. रात्री अक्का जळगावला माझ्याकडे राहिली आणि सकाळी कामावर जाण्याआधी मी तिला तिच्या गावच्या एसटीत बसवून दिलं.

वाचकहो, नेहमीप्रमाणे व्हिडिओ मागाल. आहे माझ्याकडे. एक मुलगी काचेवर हात आपटतेय आणि कॅमेऱ्यामागची बाई तिच्या अभिनयाचं कौतुक करतेय. मी तो घरी तीनदा पाहिला. त्यात मुलीचा आवाज येत नाही, काच जाड आहे. माझा मात्र अगदी स्वच्छ येतो.