पहिल्या खुर्चीतली डुलकी

टेकूला त्याच्या खऱ्या नावानं ओळखणारे आता दोनच उरलेत. एक त्याची थोरली बहीण आणि दुसरी मतदारयादी. बाकी सगळ्या शहराचा तो टेकू. डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारायला कागदाच्या घड्या त्याच्या खिशात कायम असतात, म्हणून टेकू. खुर्च्या-टेबलं भाड्यानं देणाऱ्या ठेकेदाराकडे तो एकतीस वर्षं खुर्च्या मांडतोय. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलंत तर म्हणेल, "दोन खुर्च्या शेजारी मांडायच्या एवढंच मला येतं. त्यांवर बसून पुढं काय करायचं ते कुणी शिकवलंच नाही."

माणूस साधा, पण त्याची एक खोड होती. कार्यक्रम कुठलाही असो, पाहुणे येण्याआधी तो मांडलेल्या प्रत्येक खुर्चीवर एकदा बसून बघायचा. कुरकुरते का, टोचते का, पाय लंगडा आहे का. ठेकेदार आधी चिडायचा, मग एकदा एका जाडजूड व्याह्यासकट खुर्ची मोडली, तेव्हापासून चिडायचा थांबला. पण टेकूनं कुणाला न सांगितलेली गोष्ट अशी, की रिकाम्या सभागृहात, उंच खिडक्यांतून उतरणाऱ्या उन्हात तो खुर्चीवर टेकला, की त्याचे डोळे अर्धे मिटायचे, आणि जो माणूस थोड्या वेळानं तिथं बसणार त्याचं मागणं त्याला दिसायला लागायचं. दगडखाणवाल्याच्या खुर्चीवर जिभेवर बारीक धूळ यायची आणि समोरचा पडदा एखाद्या फोडलेल्या डोंगरासारखा पांढरा व्हायचा. दारूदुकानवाल्याच्या खुर्चीवर सगळ्या खिडक्यांना मंद हिरवा रंग चढायचा, बाटलीतून बघावं तसा.

ताईला त्यानं हे एकदा सांगितलं होतं. ताई म्हणाली, "रिकाम्यापोटी बसत जाऊ नकोस."

आता त्याला हे मागणं दिसण्यात फार मोठी जादू होती असंही नाही. यादीच त्याच्या हातात असायची. दर निवडणुकीआधी साहेबांचं निधिभोजन व्हायचं. साहेब म्हणजे नगराध्यक्ष, दोन वेळा निवडून आलेले, आता तिसऱ्यांदा उभे. दुपारचं जेवण, आणि त्याआधी प्रचारासाठी ज्यानं जेवढं दिलं तेवढी त्याची खुर्ची जवळ. चिटणीस क्रमवार यादी करून द्यायचे आणि टेकू मांडायचा. पहिली खुर्ची साहेबांच्या कानापासून दीड वीत. तिथून नुसतं पुटपुटलं तरी भागतं. पाचवीवरून बोलायचं तर मान बगळ्यासारखी लांब करावी लागते. दहावीवरून चिठ्ठी द्यायची. तिसऱ्या रांगेतून नुसतं हसायचं आणि साहेबांनी बघितलं असं घरी जाऊन सांगायचं.

निवडणुकीनंतर चार महिन्यांनी नवा रस्ता चौथ्या खुर्चीच्या गोदामापाशी वळायचा, दिवाबत्तीचा ठेका दुसऱ्या खुर्चीला जायचा, आणि लोक म्हणायचे, काय बाई नशीब एकेकाचं! टेकूला मात्र नवल वाटायचं नाही. नशीब त्यानं स्वतःच्या हातानं, चार बोटं अंतर ठेवून, रांगेत लावलेलं असायचं.

यंदा मात्र पहिल्या खुर्चीनं त्याची झोप उडवली होती.

ताईचं पाळणाघर. सूतगिरणीच्या मागं, नगरपालिकेच्या मालकीची एक लांब खोली, पुढं अंगण, वर माळा. माळ्यावर टेकू झोपायचा. गिरणीत जाणाऱ्या बायका सकाळी पोरं आणून टाकत आणि भोंगा झाला की उचलून नेत. ताईचे यजमान गेले त्या वर्षी तिनं ते सुरू केलं. आता बावीस वर्षं झाली होती आणि पहिल्या पोरांची पोरं यायला लागली होती. आणि भिंतीवर शेवटची नोटीस लागली: शुक्रवारपर्यंत जागा रिकामी करावी, इथं वाहनतळ होणार. वाहनं कुणाची ते लिहिलं नव्हतं, पण शेजारच्या भिंतीपलीकडं बर्फाचा कारखाना होता. जुना मालक गेला आणि त्याचा पुतण्या परगावाहून येऊन गादीवर बसला. त्याला सगळे बर्फशेठ म्हणत. यादीत पहिल्या खुर्चीपुढं त्याचंच नाव.

ताई तीन महिने नगरपालिकेत खेटे घालत होती. साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब दौऱ्यावर आहेत. एकदा तर साहेब तिच्या समोरून जिना चढत असताना साहेब बाहेरगावी आहेत असं शिपायानं सांगितलं.

भोजनाच्या आदल्या संध्याकाळी ती पाळण्याच्या दोऱ्या तपासत म्हणाली, "अरे, उद्या तू त्यांच्या इतका जवळ असणार. टाक की एक शब्द."

"मी खुर्चीच्या मागं असतो, ताई. मागून बोललेलं साहेबांना ऐकू येत नाही."

"मग पुढून बोल."

"पुढून बोलायला काय पडतं माहितीये? ही खोली, माळा आणि तुझी चाळीस पोरं विकली तरी सातवी खुर्ची यायची नाही."

"एकेचाळीस," ताई म्हणाली. "आणि विकायच्या गोष्टी तू करू नकोस. डोक्यावर छप्पर माझं आहे."

मग तिनं पेटीतून यजमानांचा काळा कोट काढला. यंदा वाढपी, मांडपी, सगळ्यांनी काळा कोट घालायचा असं फर्मान होतं. कोट लग्नातला, जड कापडाचा. टेकूनं घातला तर ताई बघतच राहिली. "अगंबाई, तू तर देणगी देणारा दिसतोस!"

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सभागृहात तो एकटा. पंखे संथ फिरत होते, नव्या पॉलिशचा गोड वास, लांब पडदे श्वास घेतल्यासारखे फुगत होते आणि बसत होते. तो शेवटच्या रांगेपासून एकेक खुर्चीवर टेकत पुढं आला. धूळ आली, हिरवा रंग आला, एका खुर्चीवर कुणाच्या तरी न शिकलेल्या जावयाची नोकरी येऊन गेली. शेवटी पहिली. मऊ, हाताची, लाल मखमलीची. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

टेकला, आणि गारवा आला. पायाखालची फरशी निळसर झाली. बर्फाचे पारदर्शक ठोकळे अंगणात रचलेले, आणि एकेका ठोकळ्यात एकेक पाळणा, आत पोर गाढ झोपलेलं, गालाला बोट लावून. ट्रक पिसासारखे हलके, आवाज न करता येत होते आणि एकेक ठोकळा घेऊन जात होते. टेकू मोजत होता आणि एकेचाळीसचा आकडा काही केल्या जमत नव्हता.

आता बाकीचं शहरात सगळेच सांगतात, तेव्हा आपणही सांगू. पाहुणे आले. पहिल्या खुर्चीत जड काळ्या कोटातला माणूस डोळे मिटून बसलाय. त्याला उठवणार कोण? सगळ्यांत जास्त देणाऱ्याला झोपायचा हक्क असतो. उलट दारूदुकानवाला चवड्यांवर चालत आपल्या जागी गेला आणि दगडखाणवाल्यानं खोकला गिळला. चिटणीसांनी बघितलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती, पण चिटणीस फाटकावर उभे होते, बर्फशेठची वाट बघत. बर्फशेठ मुद्दाम उशिरा येणार होता. ज्याचा आकडा मोठा तो वेळेवर आला तर आकडा लहान दिसतो.

साहेब आले, हात जोडत जोडत शेजारी बसले. साहेबांना चेहरे लक्षात राहत नसत. त्यांना खुर्च्या लक्षात राहत. बर्फशेठचा सगळा व्यवहार चिटणीसांमार्फत झाला होता. माणूस अजून डोळ्यांनी बघितला नव्हता. ते दीड वितीच्या अंतरावरून प्रेमानं म्हणाले, "काय, दमलात वाटतं?"

टेकूनं अर्धे डोळे उघडले. बर्फ अजून वितळला नव्हता. "ते पाळणाघर..." तो म्हणाला.

"हो हो, गिरणीमागचं! माहितीये मला. तुमचंच ना ते काम? शुक्रवारी मोकळं करून देतो."

"नको."

"नको?"

"तिथंच राहू द्या. पोरं झोपलीत."

साहेबांनी खुर्ची त्याच्याकडं वळवली. वीस वर्षांच्या राजकारणात पहिल्या खुर्चीनं काही परत दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. "अहो, तुम्ही एवढे दिलदार असाल असं वाटलं नव्हतं. कागद आहे?"

टेकूच्या खिशात कागदाला काय तोटा! साहेबांनी एका घडीवर लिहिलं, 'पाळणाघर पुढील दहा वर्षे आहे तिथेच राहील. नोटीस रद्द.' खाली सही. एवढ्यावर थांबते तर बरं होतं, पण साहेबांना गहिवर आवरेना. ते उठले, माइक हातात घेतला आणि त्यांनी सभागृहाला सांगितलं, की आपल्या एका मोठ्या मनाच्या मित्रानं गिरणीतल्या आयाबहिणींच्या लेकरांसाठी आपला हक्क सोडला आहे. टाळ्यांचा कडकडाट. त्याच कडकडाटात बर्फशेठ दारातून आत आला. आपल्यासाठीच चालल्यात असं वाटून लाजला, आणि मग सगळ्यांबरोबर त्यानंही टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी टेकू पुरता जागा झाला. हातात सहीचा कागद, समोर चिटणीस, तोंडाचा आ वासलेला.

"साहेब," चिटणीस कसेबसे पुटपुटले, "हा खुर्च्या मांडतो."

टेकू उठला. खुर्चीवरून हात फिरवला, बर्फशेठला म्हणाला, "या, बसा. कुरकुरत नाही," आणि कागद कोटाच्या आतल्या खिशात घालून खांबामागं जाऊन उभा राहिला.

जेवणाच्या धामधुमीत चिटणीसांनी त्याला गाठलं. "कागद दे."

"साहेबांनी मागितला तर देतो. माइकवर दिलाय, माइकवर मागू देत."

"जास्त शहाणा झालास?"

"तुम्हीच बघा. टाळ्या परत घेता येत असतील तर कागदही घ्या."

चिटणीसांनी साहेबांकडं बघितलं. साहेब पत्रकारांना पाळणाघराबद्दल दुसऱ्यांदा सांगत होते आणि डोळे पुसत होते. चिटणीस जुने, पोचलेले. त्यांनी एक सुस्कारा सोडला. "राहू दे तुला. पण ट्रक काय हवेत उभे राहणार आहेत? त्या माणसाचा पैसा आलाय, अर्धे फलक छापून झालेत. त्याला जागा ही द्यावीच लागणार. इथं नाही तर तिथं."

"तिथं म्हणजे कुठं?" टेकूनं विचारलं. पण चिटणीस पहिल्या खुर्चीकडं पळाले होते.

ताईनं कागद काचेत बसवला. शुक्रवार आला नि गेला, एकही पाळणा हलला नाही. साहेब निवडून आले, प्रचारात पाळणाघराचाच फोटो होता. पोरांच्या आया टेकूला बघून पदर सारखा करायला लागल्या, भाजीवाला मापात जास्त टाकायला लागला. टेकूचं साहेबांकडं वजन आहे, अशी बातमी झाली. ठेकेदारानं तर त्याला काढायचं ठरवलं होतं ते रद्द करून पगार वाढवला. टेकू लाजायचा. मग लाजायचा थांबला. खोटं कशाला बोला, आठवडाभर त्यानं कोट उगाचच घातला.

आणि एका दुपारी, पोरं नुकतीच निजलेली, अंगणात सहा-सात म्हातारी माणसं येऊन उभी राहिली. पुढं एक निवृत्त शाळामास्तरीण, हातात कापडी पिशवी. पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या मैदानावर ही मंडळी रोज सकाळी फिरायची, झाडाखाली बसून सुनांबद्दल बोलायची. परवा तिथं खांब रोवले गेले होते. बर्फाच्या ट्रकांसाठी.

चिटणीसांचं 'तिथं' ते हे.

"तुम्हीच ना ते?" बाई म्हणाल्या. "आम्हाला वाकडं काही विचारायचं नाही. तुम्ही किती दिलेत तेवढं सांगा."

"मी काही दिलं नाही हो बाई. मला डुलकी लागली होती."

मागचा एक आजोबा हसला. "सांगायचं नसेल तर राहू द्या. डुलकी म्हणे!"

"आम्ही सगळ्यांनी मिळून जमवलेत," बाईंनी पिशवी पुढं केली. "पेन्शनीतले आहेत. यात कितवी खुर्ची येते?"

टेकूनं पिशवी हातात घेतली नाही. नुसत्या लोंबण्यावरूनच तिचं वजन कळलं. एकतीस वर्षं जो माणूस कुणाशी खुर्चीबद्दल खोटं बोलला नव्हता, तो आताही बोलू शकला नाही. "बारावी रांग, बाई. खांबाआड. तिथून साहेबांचं अर्धंच डोकं दिसतं."

"अर्धं कुठलं? कान असलेलं का?"

"नाही."

बाईंनी पिशवी मागं घेतली. "आमची मतं आहेत. टाकीच्या बाजूची धरून तीनशेच्या वर होतील. मतांची खुर्ची नसते का हो?"

टेकूनं डोळे मिटून सभागृह आठवलं, मैदानावरच्या सभा आठवल्या, एकतीस वर्षांच्या याद्या आठवल्या. "मतांना खुर्ची नसते. ती उभी असतात. मागं, दोरीच्या पलीकडं."

"दोरी किती लांब असते?"

"शंभर फूट. मीच बांधतो."

"शंभर फूट ना?" बाईंनी पिशवीचं तोंड आवळलं. "छत्तीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गावर ओरडलेय मी. शंभर फुटांचं काय घेऊन बसलात!" आणि तो आवाज कसा होता ते दाखवायला त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

तेवढ्यात दाराची कडी हळूच वाजली. ताई बाहेर डोकावली, ओठांवर बोट ठेवून.

"अहो, हळू," ती म्हणाली. "माझी पोरं झोपलीत."