वरच्या पट्टीत दिलेला नकार

हे मी कुणाला सांगणार नव्हते बघा. पण तुम्ही चहा पाजलाय, खारी पुढं सरकवलीय, आता सांगितल्याशिवाय सुटका न्हाई. माझ्या तोंडानं माझीच कशी वाट लावली, त्याची ही गोष्ट. अट एकच, मधेच हसायचं न्हाई.

तर मी ऑपेरा गाते. कोल्हापुरात.

थांबा! हसायचं न्हाई म्हटलंय की!

ऑपेरा म्हणजे नाटकच, पण सगळं गाऊन सांगायचं, बहुतेक वेळा इटालियनमध्ये, आणि तेबी माईकशिवाय. त्यात बायकांची सगळ्यात वरची पट्टी असते तिला सोप्रानो म्हणतात. ती मी. माझ्या आप्पांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. लहानपणी त्यांना जेवायला हाक मारायची म्हणजे भट्टीच्या आणि ग्राइंडरच्या वरनं आवाज काढायला लागायचा. पुढं पुण्यात एका बाईंकडं पाच वर्षं शिकले. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "एवढा आवाज तयार कुणी केला गं?"

मी म्हटलं, "ग्राइंडरनं."

करिअरची सुरुवात म्हणाल तर लई दणक्यात झाली. पहिला कार्यक्रम एका दूध संस्थेच्या वार्षिक सभेत, अहवालवाचन आणि जेवण यांच्यामधी. नायिका मरते ते गाणं मी जीव ओतून गायले आणि शेवटी डोळे मिटून स्टेजवर कोसळले. चेअरमननी पळत येऊन तोंडावर तांब्याभर पाणी मारलं! दुसरा कार्यक्रम हुपरीला, एका चांदीच्या दुकानाच्या उद्घाटनाला. गाणं संपल्यावर मालक म्हणाले, "छान वरडलीस पोरी. आता एक लावणी हू दे." आणि आमच्या आवाजानं ग्लास फुटतात म्हणे, ते काही खरं न्हाई. आमच्या घरात सगळी भांडी स्टीलची. मी बघितलंय करून.

अशात मला इटलीतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. तीन वर्षांचा कोर्स! आधी उड्या मारल्या, मग खर्चाचं पान वाचलं आणि खाली बसले.

आप्पा म्हणाले, "आपल्या समाजाचा ट्रस्ट हाय की. भर फॉर्म."

आम्ही जैन. आमचा ट्रस्ट पोरापोरींना बाहेर शिकायला शिष्यवृत्ती देतो, पण ती इंजिनिअर न्हाईतर डॉक्टर व्हायला. गाण्यासाठी आजवर कुणी मागितलीच नव्हती. फॉर्म भरला, चार महिने गेले, ट्रस्टकडनं हूं न्हाई की चूं न्हाई. कॉलेजला कळवायला दहा दिवस उरले. शिष्यवृत्ती न्हाई मिळाली तर जन्मभर दूध संस्था, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

आणि इकडं माझी आत्या! तिनं माझ्या लग्नाचा ठेकाच घेतलेला. महिन्याला एक स्थळ. तोंडावर नकार द्यायची सोय नव्हती, म्हणून मी एक युक्ती काढलेली. पाव्हण्यांनी "काय येतं?" विचारलं की गायचं. पूर्ण ताकदीनं आणि चार फुटांवरनं. एक स्थळ चहा अर्धा टाकून गेलं. एका नवऱ्यामुलाची आई तर चपला घालायला विसरून गाडीत बसली.

तर त्या रविवारी सकाळी आप्पा स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "चारला पावणं येणार हाईत. साडी नेस, पोहे कर."

"कोण पावणं?" मी विचारलं, तोवर स्कूटर कोपऱ्यावर.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला कवा सांगितलंय त्यांनी? आमचं लगीन ठरलेलं मला आदल्या दिवशी कळालं."

म्हटलं, आलं आत्याचं स्थळ! इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांना पोहे सुचतात! पोहे केले, बिनकांद्याचे. आमच्यात कांदा न्हाई, त्यामुळं आमच्याकडं कांदेपोह्यांचा कार्यक्रमसुद्धा नुसत्या पोह्यांवर भागतो.

चारला आप्पा तिघांना घेऊन आले. धोतर-टोपीतले भूपाल अण्णा, त्यांच्या बायको, ज्यांना सगळे अक्का म्हणत होते, आणि काखेत फाईल घेतलेला एक तरुण, सन्मती. फाईल बघितली आणि म्हटलं, पत्रिका घेऊनच आलेत की ही मंडळी!

आता खरं सांगू? पोरगा बरा होता. बरा म्हणजे... चांगलाच बरा होता. हसला की गालाला खळी पडायची. पण माझा प्रश्न इटलीचा होता, खळीचा न्हाई.

अक्कांनी पोह्यांची डिश हातात घेतली. "पोहे तू केलंस?"

"न्हाई, शेजारच्या काकूंनी."

आईनं दारातनं डोळे वटारले.

"सैपाक येतो का पण?"

"पाणी उकळतंय कधी कधी."

"सकाळी कवा उठतीस?"

"दहाला. पावसाळ्यात अकरा."

"माणसांत मिळूनमिसळून ऱ्हातीस न्हवं?"

"भांडतो. सुरुवातबी मीच करतो." (होय, आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'करतो'च म्हणतो. नाकं मुरडू नका.)

सन्मती खाली मान घालून सगळं लिहून घेत होता. म्हटलं, असला कसला नवरा, जो नोट्स काढतो? त्याचे खांदे मात्र बारीक बारीक हलत होते.

मग अण्णांनी तोंड उघडलं. "परदेशात ऱ्हायला जमंल का?"

अच्छा! म्हणजे पोरगा फॉरेनचा! मी म्हटलं, "एकटीला पाठवत असशीला तर आत्ता जातो."

"एकटीलाच पाठवायचं की!"

"आणि हे?" मी सन्मतीकडं बोट केलं.

"ह्यो हितंच ऱ्हाणार. कागदपत्रं बघंल, येळच्या येळी पैसं धाडंल."

तुम्हीच सांगा, असलं सासर कुठं बघितलंय? क्षणभर वाटलं, हे तर लई सोयीचं लग्न! पण लगेच सावरले. आज गोड बोलतील आणि उद्या मला दुबईला भाकऱ्या थापायला बसवतील, इटली राहील इटलीच्या जागी.

तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "जरा गाऊन तरी दाखव की."

झालं! मी पदर खोचला, सन्मतीच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिले आणि वरचा सूर लावला. लावला तो सोडलाच न्हाई. गल्लीतली सगळी कुत्री ओरडायला लागली. अक्कांचा चमचा तोंडापाशीच थांबला. अण्णांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. सन्मतीचं पेन खाली पडलं. मी सूर संपवून बघते तर हा पठ्ठ्या टाळ्या वाजवतोय!

"लई भारी!" म्हणाला. "पुन्हा एकदा ऐकवा की."

माझं डोकंच फिरलं. आजवर ह्या सुरापुढं एक स्थळ टिकलं नव्हतं, आणि हा वन्समोर मागतोय!

अक्का पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "बरं, लग्नाचा काय इचार हाय तुझा?"

आता मात्र बांध फुटला.

"अक्का, तुम्ही मोठ्या, तुमचा मान राखून सांगतो. मला लगीन करायचं न्हाई. औंदा न्हाई, पुढच्या साली न्हाई. तुमचा पोरगा सोन्याचा असला तरी न्हाई! ह्यांच्याशी लगीन करण्यापेक्षा मी आप्पांच्या भट्टीवर कोळसा ओढंन, पण बोहल्यावर चढणार न्हाई. घ्या लिहून!"

आणि सन्मतीनं खरंच लिहून घेतलं.

आप्पांच्या तोंडाचा रंग उडालेला. अण्णांनी यंत्र परत कानात घातलं. "काय म्हणती पोरगी?"

"आपल्या सन्मतीशी लगीन करत न्हाई म्हणती," अक्का म्हणाल्या.

"आँ? पण त्येला इचारलंय कुणी?"

आप्पा ओरडले, "अगं बये! हे ट्रस्टचे अध्यक्ष हाईत! शिष्यवृत्तीसाठी घर बघायला आलेत!"

ट्रस्टचा म्हणे हा रिवाजच आहे. पैसे द्यायच्या आधी घरी येऊन बसायचं, चहा प्यायचा, माणसं बघायची. सन्मती ट्रस्टचा सेक्रेटरी, अक्कांचा भाचा. त्या फाईलीत पत्रिका-बित्रिका काही नव्हती, माझाच फॉर्म होता.

"मी पाचला उठतो!" मी किंचाळले. "पोहे मीच केलेत, आईशप्पथ! आणि मला भांडायला येतच न्हाई. विचारा आईला!"

आई म्हणाली, "आता मला कशाला मधी घेतीस?"

हसताय तुम्ही, पण हिशेब बघा हो. पाच वर्षं घासलेला गळा, आप्पांनी त्यासाठी भट्टीपुढं काढलेले उन्हाळे, सगळं मी दहा मिनिटांत घालवून बसले होते. डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "अक्का, चुकलं माझं. बाकी सगळं खोटं बोलले, पण आवाज खरा आहे. तेवढा तरी धरा."

अक्का एकदम खो खो हसत सुटल्या. डिश खाली ठेवावी लागली त्यांना.

"अगं, ह्येच्या आधी तीन पोरी धाडल्या आमी," त्या म्हणाल्या. "पयलीनं सा म्हैन्यात लगीन केलं आणि शिक्षण सोडलं. दुसरीनं वर्षात. तिसरीचं तर इमानतळावरच जमलं! म्या ह्यांना म्हटलंतं, आता पोरींना पैसं द्यायचं न्हाईत. पण लग्नाचं नाव काढलं की पेटणारी पोरगी आज पयल्यांदा बघितली. अहो, हिला द्या. फकस्त लिहून घ्या."

म्हणजे बघा, माझं गाणं राहिलं बाजूला. शिष्यवृत्ती मिळाली ती माझ्या थयथयाटाला!

लगेच हमीपत्र तयार झालं. सन्मतीनं स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं, "कोर्स पूर्ण होईपर्यंत, म्हणजे पुढची तीन वर्षं, मी कोणत्याही कारणानं लग्न करणार नाही." पेन त्यानंच पुढं केलं. मी अशी झोकदार सही ठोकली म्हणता! खाली साक्षीदार म्हणून त्याची सही.

निघताना अक्का दारात चपला घालत आईला सांगत होत्या, "ह्या सन्मतीचंच अवघड हाय बघा. चांगल्या चांगल्या पोरींना नको म्हणतोय. गाणारीच बायको पायजे म्हणून अडून बसलाय."

मी तिथंच उभी होते. सन्मतीनं माझ्याकडं बघितलं. खळी पडली.

गाडी सुरू झाली तशी मी धावत गेले, काचेवर टकटक केलं. त्यानं काच खाली घेतली.

"अहो, ते तीन वर्षं लिहिलंय न्हवं," मी विचारलं, "त्यात सुट्ट्या धरल्यात का?"