साखरपुड्याच्या फोटोतले काळे कोपरे

आमच्या घरात उघडी म्हणावी अशी वस्तूच नव्हती. रेडिओला आईने शिवलेलं झाकण होतं, टीव्हीला लाकडी शटर आणि त्यावर पडदा. सोफ्याचं दुकानातलं प्लास्टिक आम्ही कधी काढलंच नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पाय चिकटायचे आणि उठताना आवाज यायचा. आत्याच्या यजमानांनी आखातातून बाबांसाठी कॅमेरा आणला आणि त्याच्यासोबत लेन्सच्या पुढे बसवायचा संरक्षक फिल्टर दिला, तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा तो फिल्टरच बाबांना जास्त आवडला असावा.

"म्हणजे ओरखडा आला तर ह्या काचेला येणार, आतल्या लेन्सला नाही," ते आईला समजावून सांगत होते. आईला ते लगेच पटलं. तिने विचारलं, "मग ह्या काचेला काय घालायचं?"

बाबा अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर होते. मालाडहून रोज स्कूटरने जायचे. जाताना माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत सोडायचे; ती पुढे, हँडल धरून उभी. मी तेव्हा कॉलेजात होते. तिथे इंग्रजी, घरी मराठी आणि दोन्हीकडे मी गप्प, असं माझं होतं. बाबांशी तर मोजकंच बोलणं व्हायचं. कॅमेऱ्याने ते थोडं वाढलं. त्याच्याबरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत होती, आणि रविवारी सकाळी चहा झाला की मी ती बाबांना मराठीत वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकायचे. समजलं नाही की "परत" म्हणायचे.

पुढच्या खेपेला यजमानांनी पोलरायझर आणला. दिसायला साधा फिल्टरच, पण त्याची पुढची कडी फिरायची. पाण्यावरची, काचेवरची चकाकी त्याने कमी होते, असं पुस्तिकेत होतं. त्याच पानावर असंही होतं की हा लावताना आधीचा संरक्षक फिल्टर काढावा. मी ते वाचलं.

"काढायचा? आणि लेन्स उघडी टाकायची?"

"पुढे पोलरायझर असतोच ना, बाबा."

"तो चकाकी घालवायला आहे गं. सांभाळायला नाही."

आम्ही मढला फिरायला निघालो होतो, तिथला खारा वारा बाबांच्या डोक्यात होता. त्यांनी पोलरायझर त्या फिल्टरवरच चढवला आणि फिटरच्या हाताने आवळला. त्याच्यापुढे स्टेशनजवळच्या स्टुडिओतून घेतलेलं रबरी हूड बसवलं, ऊन लेन्सवर तिरकं पडू नये म्हणून. हूड साध्या लेन्ससाठी होतं. आमची लेन्स वाइड होती, लहान खोलीतही सगळी माणसं मावावीत म्हणून मुद्दाम आणलेली. पण आटे जुळले आणि ते बसलं, तेवढ्यावर बाबा खूश होते.

मढच्या किनाऱ्यावर त्यांनी मला कॅमेऱ्यातून बघायला लावलं आणि कडी फिरवली. पाण्यावरचं पांढरं ऊन हळूहळू पुसलं गेलं आणि खालचे खडक दिसायला लागले. मी "बाप रे" म्हटलं. बाबा हसले. तेव्हा मी फक्त मधलं पाणी बघत होते.

घरी आल्यावर पोलरायझर निघेना. दोन्ही फिल्टर एकमेकांत असे अडकले की हाताला कडी फिरायची, आटे मात्र हलायचे नाहीत. जोर लावून लेन्सच बिघडायची, ह्या भीतीने बाबांनी ते तसंच ठेवलं. "दोन काचा म्हणजे दुप्पट सांभाळ," म्हणाले.

ह्याच जोडणीने त्यांनी मुलुंडला मोठ्या काकांच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो काढले. हॉलमध्ये फ्लॅश होता, पण सगळ्या फोटोंच्या चारी कोपऱ्यांत काळं आलं, कुणीतरी बोटं घातल्यासारखं. शिवाय कडेची माणसं कापली गेली होती. जोडीच्या उजवीकडे उभी असलेली मुलाची आई एका फोटोत खांद्यापासून गायब, दुसऱ्यात तिची फक्त पैठणी आणि ताट.

काका घरी येऊन हसून हसून बोलले. "अरे मेल्या, विहीणबाईंक अर्धी कापलंस! आता त्यांका अल्बम कसो दाखवू?"

"फिल्टरचं झालंय ते," बाबा म्हणाले.

"फिल्टरान विहीण खाल्ली?"

आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. बाबाही हसले, पण त्यांनी फोटोंचा गठ्ठा उलटा करून ठेवला. स्टुडिओवाल्यानेही तेच सांगितलं होतं: एकावर एक दोन फिल्टर, वर चुकीचं हूड, वाइड लेन्सला त्यांची कड दिसणारच. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. दोष काचेचा निघाला होता.

मला मात्र हायसं वाटेना. कोपऱ्यांतलं काळं फिल्टरने आलं हे खरं. पण विहीणबाई कोपऱ्यात नव्हत्या. त्या कडेला, फोटोच्या मधल्या उंचीवर होत्या, आणि कापल्या गेल्या होत्या त्या चौकटीने. फिल्टर माणूस कापत नाही. कॅमेरा धरणाऱ्याला कडेचं माणूस दिसलं नाही तरच ते कापलं जातं.

गप्प राहणाऱ्या माणसाकडे बघायला खूप वेळ असतो. त्या महिन्यांत मी बरंच बघितलं होतं. आईने बाजूला ठेवलेला चहाचा कप बाबांच्या हाताने दोनदा सांडला होता. "इथे कुणी ठेवला?" म्हणून ते ओरडले होते, आणि कप नेहमीच्याच जागी होता. दाराजवळच्या स्टुलाला त्यांची नडगी सारखी लागायची. आणि धाकटीने शाळेतून येऊन मजेत सांगितलं होतं, "आज बाबांनी हातगाडीला मस्त कट मारला! केळेवाला कसला ओरडला!" बाबा म्हणाले होते, तोच मधे आला. धाकटी तेव्हा स्कूटरवर पुढे उभी होती.

पुढच्या रविवारी बाबा अडकलेले फिल्टर सोडवायला गच्चीवर घेऊन गेले. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती कडीभोवती आवळायची, म्हणजे पकड येते, असं त्यांनी ठरवलं होतं. मी बरोबर गेले. धाकटी मागोमाग आली.

पट्टी लावायच्या आधी मी म्हटलं, "बाबा, एकदा मी बघू?" त्यांनी कॅमेरा दिला. डोळा लावला आणि मला चारी कोपरे काळे दिसले. फोटोत होते तसेच, गोल कापलेले. शोधावे लागले नाहीत.

"बाबा, फोटो काढताना हे तुम्हाला दिसलं नाही?"

"काय?"

"हे कोपरे. आत्ताही काळे दिसतायत."

त्यांनी कॅमेरा घेतला, डोळा लावला, बराच वेळ बघितलं. "कुठे काळं आहे? स्वच्छ तर दिसतंय. टाकी, नळ, सगळं."

मी चेष्टा करते आहे असं त्यांना वाटलं. मला काय विचारायचं आहे ते मला माहीत होतं, आणि उत्तर काय येईल तेही. मी धाकटीला कठड्याच्या टोकाशी उभं केलं आणि आधी स्वतः कॅमेऱ्यातून बघून घेतलं. ती माझ्या चौकटीत, अगदी कडेला, पूर्ण दिसत होती. मग बाबांना म्हटलं, "टाकीच्या नळाकडेच बघायचं. डोळा हलवायचा नाही. ही चालत येईल, दिसली की सांगा."

"कसला खेळ आहे हा?"

"बघा ना."

धाकटीला खेळच वाटला. ती जीभ काढून, कानाला बोटं लावून, माकडासारखी उड्या मारत निघाली. बाबा काहीच बोलले नाहीत. ती अर्धी गच्ची ओलांडून आली. वेडावून वेडावून तिचं तोंड दुखलं असेल.

"काय हो बाबा, हसत का नाही?" ती ओरडली. "मी एवढी नाचतेय!"

आवाज कुठून आला ते ऐकून बाबा दचकले. "तू सुरू कधी केलंस?" त्यांनी विचारलं. ती तेव्हा नळापासून दोन पावलांवर होती.

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. आधी तिच्याकडे बघितलं, मग कठड्याच्या टोकाकडे, मग माझ्याकडे. ती किती अंतर चालून आली हे त्यांनी मापलं. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस होता.

"बाबा, डॉक्टरला दाखवू या," मी म्हटलं.

"फिल्टर काळा आहे, त्यात दिसणार काय?" ते म्हणाले आणि पट्टी आवळायला लागले. पट्टी घसरत होती. बऱ्याच वेळाने फिल्टर सुटले. त्यांनी हूड काढलं, दोन्ही फिल्टर काढले आणि पहिल्यांदाच उघडी लेन्स माझ्या हातात दिली. "धर," एवढंच म्हणाले. दुसऱ्यांदा बघायला मात्र डोळा लावला नाही.

रात्री मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "चाळिशी लागली असेल गं," आणि मग तिला झोप लागली नाही हे मला पलीकडून कळत होतं.

सोमवारी सकाळी नेहमीसारखी स्कूटर निघाली. मी वरून खाली आले तेव्हा धाकटी दप्तर लावून पुढे उभी राहिली होती आणि बाबांनी किक मारलेली होती. तळमजल्यावरच्या काकू दारात दात घासत होत्या. दोन शेजारी दुधाच्या पिशव्या घेऊन येत होते. त्या कंपाउंडमध्ये मी कधी मोठ्याने कुणाला हाकही मारली नव्हती.

"उतर," मी धाकटीला म्हटलं.

"का? उशीर होतोय."

"उतर म्हटलं ना!"

हा आवाज माझा आहे हे मलाही उशिरा कळलं. काकूंनी ब्रश तोंडातून काढला. "काय झालं गं, सकाळी सकाळी?"

मी स्कूटरच्या पुढच्या चाकासमोर उभी राहिले. बाबा म्हणाले, "बाजूला हो." मी झाले नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "लोक बघतायत." मला लोकांची खूप भीती वाटते हे त्यांना माहीत होतं, तरी ते म्हणाले. मी म्हटलं, "हिला नका नेऊ. तुम्हाला बाजूचं दिसत नाही."

इंजिन चालूच होतं. धाकटी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग तीच खाली उतरली, दप्तर सावरत, रडकुंडीला येऊन. शेवटी बाबांनी इंजिन बंद केलं, स्कूटर स्टँडला लावली आणि किल्ली माझ्या हातात न देता सीटवर ठेवली.

"रिक्षा बघ," ते म्हणाले. "तिला शाळेत सोड. मग आपण जाऊ."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याच्या कडा गेल्या होत्या, डाव्याच्या जायला लागल्या होत्या. गेलेलं परत येणार नाही, थेंब घातले तर उरलेलं टिकेल, असं ते म्हणाले. बाबांनी फक्त एकच प्रश्न विचारला, स्कूटरचा. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

त्या आठवड्यात ते माझ्याशी बोलले नाहीत. थेंब मात्र माझ्याकडूनच घालून घ्यायचे. खाटेवर मान मागे टाकून पडायचे, मी पापणी वर धरायची आणि बाटली दाबायची. पहिला थेंब बहुतेक गालावर जायचा. ते डोळा उघडा ठेवून, पापणीही न हलवता, दुसऱ्याची वाट बघायचे.