खंडेनवमीचं खुरपं

ऐका हो ऐका! तमाम सज्जनांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की खुरपं डोळ्यांनी निवडायचं नसतं, कानांनी निवडायचं असतं. हा माझ्या आईचा फतवा.

कंधारच्या बाजारात ती लोहारासमोर उकिडवी बसायची आणि एकेक खुरपं कानाशी धरून नखानं वाजवायची. मग त्याच्याच पुढ्यातली जमीन खुरपून बघायची.

"मावशे, दुकान खणायलीस का माझं?" लोहार ओरडायचा.

"वाजतंय बद्द, अन् म्हणं पोलाद!" आई पुढचं उचलायची.

घरी काम झालं की पातं विटकरीच्या भुग्यानं घासायचं, पुसायचं, वर करडीच्या तेलाचं बोट फिरवायचं. आम्हा भावंडांच्या केसांनाही एवढं तेल कधी मिळालं नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. तिथल्या नव्या कचेरीत मला नोकरी लागली, तेव्हा आई सोबत आली ती असंच वाजवून घेतलेलं एक खुरपं आणि लिंबोणीचं रोप घेऊन. दुष्काळ असा, की नळ सोडला की नुसता वारा यायचा. भांड्यांच्या धुणावर तिनं लिंबोणी जगवली. पण दसऱ्याच्या तोंडावर पानं गुंडाळायला लागली आणि आईचं जेवण तुटलं.

खंडेनवमीला तिनं अवजारं धुतली, हळदकुंकू लावून पाटावर मांडली, वर झेंडू वाहिला. आता दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आणि नेमका तेव्हाच गल्लीत टँकरचा पाइप सुटला! पाणी आमच्या फाटकापर्यंत आलं आणि उताराला लागून पुढं निघालं. लिंबोणी आत, अंगणात. मध्ये दगडासारखी माती.

आईनं पाटाकडं बघितलं, हात जोडले आणि खुरपं उचललं.

बादली घेऊन धावणारी घरमालकीण किंचाळली, "अक्का, पुजलंय ते! पाप लागंल!"

"लागू द्या. तुमी आधी वाटंतून सरका!"

झेंडू एकीकडं उडाला. जिथं माझी कुदळ टण्णकन उसळायची, तिथं ते तेल प्यालेलं पातं सरसर शिरत गेलं. आईनं फाटकापासून चर ओढत नेला आणि पाणी डुलत डुलत लिंबोणीच्या आळ्यात शिरलं.

घरमालकिणीनं बादली खाली टेकवली. एकदा चराकडं बघितलं, एकदा गल्लीतून वाहून चाललेल्या पाण्याकडं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"अक्का, माझ्या जास्वंदीकडंबी वढा की एक चर! खुरपं तुमचंच घ्या, माझं पुजलेलं हाय!"