सतरा जागा

मला दुसऱ्याच्या चुका चटकन ऐकू येतात. रायपूरच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत गाण्याची स्पर्धा असते आणि गेली बावीस वर्षं तिचा परीक्षक मी आहे. सूर, ताल, उच्चार, सादरीकरण असे चार रकाने आखलेला कागद समोर आला की माझं डोकं बर्फासारखं थंड होतं. त्या कागदापुढे मी बालवाडीतल्या पोरांनाही सोडलेलं नाही. एकदा एक पोट्टी गाणं अर्धवट टाकून रडत आईकडे पळाली, तेव्हा मी माइकवरून म्हणालो होतो की हिचा रडतानाही षड्ज लागत नाही. सगळा मांडव हसला. मला त्या दिवशी जेवण फार गोड लागलं.

पण एका मुलीला, ती नऊ वर्षांची असताना, मी पहिला नंबर दिला होता. आमच्याच गल्लीतली. तिच्या वडिलांचा भनपुरीत धर्मकाटा होता, ट्रक तोलायचा. शाळा सुटली की ती तिथेच धुळीत बसून अभ्यास करायची. पुढे ती मोठ्या शहरांत गेली, हॉटेलांतून गायली आणि परत आली ती सोल नावाचा अमेरिकन गाण्याचा प्रकार घेऊन. त्यात सूर सरळ लावायचा नसतो. तो खेचायचा, वाकवायचा, वेळ आली तर फोडायचा. शब्द तिचे स्वतःचे, हिंदीत, मधूनच एखादी ओळ छत्तीसगढी. आमच्या लोकांना त्यातलं काडीचं कळत नव्हतं, पण पोट्टी आपली होती. तिच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक ग्रुप निघाला, दोनेकशे मंडळींचा, आणि तो अर्थातच मी चालवत होतो. भेटेल त्याला मी सांगायचो, हिला पहिल्यांदा ओळखलं ते आपण.

एका रविवारी ती घरी आली. माझ्याशी ती नेहमी हिंदीत बोलायची, मी मराठीत विचारलं तरी. नवा रायपूरच्या सभागृहात तिचा कार्यक्रम ठरला होता आणि तो जसाच्या तसा ध्वनिमुद्रित होऊन अल्बम निघणार होता.

"काका, बस यही एक मौका है," ती म्हणाली. "लोगों ने अपनाया तो कंपनी दस शहरों में प्रोग्राम देगी. नहीं तो पापा ने मंत्रालय के पास ऑफिस में बात कर रखी है. कंप्यूटर पे एंट्री करने की नौकरी. फिर गाना बंद."

"बंद काहून? सुट्टीच्या दिवशी गात जाय न," माझी बायको म्हणाली.

"चाची, मुझसे आधा नहीं होता."

कार्यक्रमाला आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. बायकोने नवी साडी नेसली होती आणि मी कोट घातला होता, कारण स्टेजवर बोलावलं तर नीट दिसायला हवं. तशी मला खात्रीच होती. दोन गाणी झाल्यावर ती बोलायला लागली. म्हणाली, हे गाणं मला कुणी शिकवलं नाही. बाबांच्या काट्यावर एक ट्रकवाला परदेशी गाण्यांची कॅसेट विसरून गेला होता, ती मी फीत तुटेपर्यंत ऐकली. आज मी जी काही आहे ती त्या ट्रकवाल्यामुळे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी कोटाचं बटण लावून बसलो होतो, ते काढलं.

ट्रकवाला! ज्याचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं! माझ्या पोटात त्या क्षणापासून जे दुखायला लागलं, त्याला मी पुढे कितीतरी दिवस संगीताचं प्रेम असं नाव देत राहिलो.

तरी एक गोष्ट खरी सांगायला हवी. चौथं गाणं सुरू झालं आणि माझं दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं. ते गाणं तिच्या आईवर होतं, आई गेल्यानंतरच्या स्वयंपाकघरावर. आम्ही सगळे त्या माउलीच्या हातचं जेवलेलो. शेवटच्या कडव्यात तिचा आवाज वर चढता चढता फाटला, आणि फाटलेलाच वर गेला. मला आपण कुठे बसलो आहोत याचं भान राहिलं नाही. बायकोने माझ्या हातात रुमाल दिला एवढंच आठवतं.

महिन्याभराने अल्बम निघाला. पहिले दोन दिवस ग्रुपवर फुलं, हृदयं आणि जोडलेले हात यांचा पाऊस पडला. ज्याला त्याला ट्रकवाल्याची गोष्ट भारी आवडली होती. काहींनी तर प्रत्येक ट्रकवाल्याला नमस्कार करायचा असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी हेडफोन लावला, मोबाइलमधला तानपुरा सुरू केला, मंडळाचा तो चार रकान्यांचा कागद काढला आणि तिचा अल्बम तपासायला बसलो. बायकोने दोनदा चहाला हाक मारली. मी उठलो नाही.

सतरा जागा निघाल्या. कुठल्या गाण्यात, किती मिनिटं किती सेकंदांवर, सूर किती उतरला, सगळं लिहिलं. वर एक ओळ टाकली, 'आपल्या मुलीवर प्रेम आहे म्हणूनच सांगतो.' आणि ग्रुपवर पाठवून दिलं.

ज्या गाण्याचा जीवच वाकलेल्या सुरात आहे, ते मी गणपतीच्या स्पर्धेच्या कागदावर तपासलं. असं करायला आमच्यासारखीच माणसं लागतात. चार रकाने हेच ज्यांच्या लेखी संगीत, ते दुसरं काय करणार? पण न कळून केलं असं म्हणून मी सुटू शकत नाही. मला कळत होतं.

अर्ध्या तासाने एकाने लिहिलं, 'काका, आम्हालाही तिथे खटकलंच होतं.' त्याला काही खटकलं नव्हतं, दोन दिवसांपूर्वी त्याने अकरा हृदयं पाठवली होती. दुसऱ्याने लिहिलं, 'स्पष्ट बोलणारं कुणीतरी हवंच.' संध्याकाळपर्यंत लोक माझी यादी समोर धरून अल्बम ऐकू लागले. गाणं कुणी ऐकतच नव्हतं, पुढची चूक कधी येते याची वाट पाहत होते. कोणी अठरावी जागा काढली, कोणी एकोणिसावी. कुणा दिवट्याने चौथ्या गाण्यातला तो फाटलेला सूर कापून त्यावर बकरीचं ओरडणं चढवलं. ती क्लिप शंकर नगरातल्या माझ्या ऑफिसातही पोहोचली, आणि मी, तिचा पहिला चाहता, साहेबांसोबत हसलो. बकरी खरंच बरोबर पट्टीत होती.

तीही त्या ग्रुपवर होती. सगळं वाचत होती. तिने एक अक्षर लिहिलं नाही, ग्रुप सोडलाही नाही. मला वाटलं, गर्व आहे.

बकरी रायपूरबाहेर गेली तेव्हा कंपनीने दहा शहरांतले कार्यक्रम पुढे ढकलले. मग त्यांचा फोन येणं बंद झालं. त्यानंतर आठवड्याभराने ती आमच्या दारात उभी होती, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. नवा रायपूरहून येणारी बस आमच्या नाक्यावर थांबते, तिथून थेट आली होती.

"बैस," मी म्हणालो. "नोकरी लागली म्हणे. छान झालं."

"हव," ती म्हणाली. मग आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी मराठीत बोलली. "काका, तुमच्या यादीतला नववा नंबर लावा न. मोठ्या आवाजात लावा. मले तुमच्यासोबत एकदा ऐकायचं आहे."

नववा नंबर म्हणजे चौथं गाणं, शेवटचं कडवं. मी मोबाइल स्पीकरला जोडला. तिचा आवाज चढत गेला आणि फाटला. त्याच क्षणी, अगदी त्याच सेकंदाला, मागून एका पुरुषाचा रडवेला, घोगरा आवाज आला, "वा पोरी, वा!"

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "अगंबाई! हे तर तुम्ही!"

हेडफोन लावून मी ती जागा सहा वेळा ऐकली होती. सूर किती उतरला ते मला मोजायचं होतं. माझाच आवाज मला एकदाही ऐकू आला नव्हता.

"कंपनीवाले काढून टाकत होते तो आवाज," ती म्हणाली. "गाणं खराब होऊन राहिलं म्हणे. मीच म्हटलं, राहू द्या. स्टेजवर तुमचं नाव घ्यायचं विसरली होती मी. आईचं गाणं समोर होतं, डोक्यात दुसरं काही नव्हतं. घरी गेल्यावर खूप रडली. मग वाटलं, चला, काकांचा आवाज तरी राहीन अल्बममध्ये. पहिला नंबर त्यांनीच तर दिला होता मले."

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"तो सूर तिथे सरळ लावायचाच नव्हता, काका," ती उठत म्हणाली. "तुम्हाले त्या दिवशी कळलं होतं न?"

मी हो म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, "चहा घेऊन जा." तिने चप्पल घातली आणि ती गेली. त्यानंतर ती मंडळात आली नाही, आमच्या गल्लीत तिचं गाणं कुणी ऐकलं नाही. तिचे वडील सांगतात की घरात ती आता आंघोळ करतानाही गुणगुणत नाही.

त्या संध्याकाळी बायको मला वाढून आत निघून गेली. मी मोबाइल काढला. पश्चात्ताप होता का? होता. पण त्याहून मोठी भीती होती. आज ना उद्या कुणीतरी चौथं गाणं मोठ्याने लावणार आणि माझा आवाज ओळखणार. मी ग्रुपवर लिहिलं, 'पुन्हा ऐकल्यावर वाटतं की नवव्या जागेबाबत माझी चूक झाली. तो सूर योग्य आहे.'

मग त्या अकरा हृदयांवाल्याने विचारलं, 'म्हणजे बाकीच्या सोळा बरोबर आहेत न, काका?'

तिच्या नावापुढे दिसत होतं की तिने माझा निरोप वाचला आहे. ती वाट पाहत असावी.

मी लिहिलं, 'हो.'