ट्रॅम्पोलिनची जाळी कुरडयांवर

बाग सेवनिया वस्तीत आमच्या अंगणात मुलांसाठी ट्रॅम्पोलिन आहे. कावळे येतात म्हणून सासूबाईंनी त्याची कडेची जाळी काढून गच्चीवरच्या कुरडयांवर घातली. जाळी परत लावा, एका वेळी एकच पोर चढू दे, असं मी रोज सांगत होते. नवऱ्याचं एकच, "खेळू दे ना, टेन्शन मत ले."

आज दुपारी चार पोरं एकदम उड्या मारत होती. माझी ईरा उडून बाहेर फरशीवर पडली. कोपराचं हाड मोडलं. हात पूर्ण सरळ होईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

प्लास्टर घालून घरी आलो, तर शेजारची पोरं पुन्हा त्यावरच. सासूबाई म्हणाल्या, "लोकांच्या मुलांना नाही कसं म्हणायचं?"

जाळी अजून कुरडयांवरच आहे. मैत्रिणींनो, एवढं होऊनही घरचे ऐकत नसतील, तर सांगायचं तरी कशाला?